दर्शक शेवटी निवडावा

आम्ल-आम्लारी टायट्रेशनसाठी दर्शक कसा निवडायचा, या प्रश्नाला बहुतेक पाठ्यपुस्तकं चार ओळींच्या तक्त्याने उत्तर देतात. दोन्ही तीव्र असतील तर कोणताही दर्शक चालेल. सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारी असेल तर फिनॉल्फ्थॅलिन, तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी असेल तर मिथिल ऑरेंज, आणि दोन्ही सौम्य असतील तर योग्य दर्शक नाही. हा तक्ता खोटा नाही, पण तो उत्तर देताना मूळ प्रश्नच झाकून टाकतो. दर्शकाचा रंग बदलतो तो सामू बदलल्यामुळे. आपल्याला मात्र जाणून घ्यायचं असतं ब्युरेटमधून किती द्रावण उतरलं ते. एक राशी पाहून दुसरीचा निर्णय करायचा, तर त्या दोहोंना जोडणारं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे त्या विशिष्ट टायट्रेशनचा आलेख: प्रत्येक थेंबागणिक सामू किती सरकतो याची नोंद. आलेख जिथे उभ्या कड्यासारखा चढतो तिथे दर्शक थोडा अलीकडचा असो की पलीकडचा, थेंबाचाही फरक पडत नाही. जिथे चढ मंद असतो तिथे अगदी ‘योग्य’ दर्शकही दगा देतो. म्हणून आधी आलेख, मग किती चूक चालेल याचा हिशेब आणि सगळ्यात शेवटी दर्शक, असा क्रम हवा. तक्त्याची सवय हा क्रम उलटा करते, आणि टायट्रेशनमधल्या बऱ्याच चुका त्या उलट्या क्रमातून येतात.

या विषयाचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने लाल आणि अल्काने हिरवा होतो, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ साली रंगांवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं. १७६७ मध्ये विल्यम लुईस यांनी अमेरिकेहून येणाऱ्या पोटॅशची प्रत ठरवताना आम्ल कुठे थांबवायचं हे लिटमसच्या रंगावरून ठरवलं. पुढची शंभर वर्षं लिटमसचीच सद्दी होती, आणि ती सोडा-उद्योगाला फार अडचणीची होती. कार्बोनेटमध्ये आम्ल घातलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यातला काही द्रावणातच विरघळून राहतो आणि लिटमस वेळेआधीच लालसर होऊ लागतो. मग द्रावण उकळा, वायू घालवा, पुन्हा थोडं आम्ल घाला, पुन्हा उकळा. १८७१ मध्ये अडोल्फ बायर यांनी तयार केलेलं फिनॉल्फ्थॅलिन १८७७ मध्ये दर्शक म्हणून पुढे आलं. पाठोपाठ १८७८ मध्ये झुरिकच्या गेऑर्ग लुंगे यांनी मिथिल ऑरेंज सुचवलं. मिथिल ऑरेंजचं मोल असं की त्याला कार्बोनिक आम्ल जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे सोड्याचं टायट्रेशन थंड द्रावणातच उरकता येतं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की सामूची कल्पना तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ मध्ये मांडली. दर्शक हे स्वतःच सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतात हे ऑस्टवाल्ड यांचं स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. तरीही लुंगे यांनी प्रश्न अचूक धरला होता: द्रावणात काय काय आहे, आणि त्यातलं काय मोजायचं नाही? कोणत्याही तक्त्यापेक्षा हा प्रश्न मला आजही जास्त उपयोगी वाटतो.

आता आकडे घेऊ. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे २५ मिलिलिटर तेवढ्याच संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करायचे आहेत. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. २४.९५ मिलिलिटर घातल्यावर सामू ४ असतो आणि २५.०५ ला तो १० होतो. दोन थेंबांत सहा एककांची उडी. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या पट्ट्यात रंग बदलतं, मिथिल रेड साधारण ४.४ ते ६.२, ब्रोमोथायमॉल ब्ल्यू ६.० ते ७.६ आणि फिनॉल्फ्थॅलिन ८.३ ते १०. चौघांचेही पट्टे या उडीत किंवा तिच्या काठावर येतात, म्हणून ‘कोणताही चालेल’. पण ही मुभा ०.१ मोलर या संहतीने दिलेली आहे, ‘तीव्र-तीव्र’ या जोडीने नव्हे. दोन्ही द्रावणं दहापट विरल करा. तेच दोन थेंब आता ५ ते ९ एवढीच उडी देतात. सामू ४ ला रंग बदलणारं मिथिल ऑरेंज आता सुमारे अर्धा मिलिलिटर आधीच थांबायला सांगतं, म्हणजे दोन टक्क्यांची चूक. आणखी दहापट विरल करा, ०.००१ मोलर, आणि त्याच सामूला थांबलात तर एक षष्ठांशाहून अधिक आम्ल शिल्लक असतं. जोडी तीच, तक्त्यातली ओळ तीच, दर्शकही तक्त्याने मान्य केलेला, आणि उत्तर टाकाऊ. तक्त्यात संहतीचा रकानाच नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष.

सौम्य आम्लाकडे वळलं की चित्र आणखी बोलकं होतं. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल घ्या. त्याचा पीकेए, म्हणजे विघटन स्थिरांकाचा ऋण लॉगॅरिदम, ४.७६. ०.१ मोलर द्रावणात समतुल्य बिंदूचा, म्हणजे आम्ल आणि आम्लारी नेमके जुळतात त्या क्षणाचा, सामू ८.७ च्या आसपास येतो. एक थेंब आधी तो ७.५ असतो, एक थेंब नंतर १०. सहा एककांचा कडा आता अडीच एककांचा राहिला. या द्रावणात मिथिल ऑरेंज टाकलं तर ४.४ या सामूला ते पूर्ण पिवळं होऊन जातं, आणि तोवर जेमतेम ३० टक्के आम्ल उदासीन झालेलं असतं. इथवर तक्ता आपल्याला वाचवतो. पण मिथिल रेडचं काय? ते पूर्ण पिवळं होतं तेव्हा ९६-९७ टक्के काम झालेलं असतं. म्हणजे चूक तीन-चार टक्क्यांची, आणि रंगही सावकाश, कित्येक थेंबांवर पसरून बदलतो. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू पहिल्यांदा हिरवट दिसतं तेव्हा आपण ९५ टक्क्यांच्या आसपास असतो, पूर्ण निळं होतं तेव्हा ९९.८ टक्क्यांच्या पुढे. एकच दर्शक, पण पहिल्या छटेला थांबणारा आणि शेवटच्या छटेला थांबणारा यांच्या उत्तरांत पाच टक्क्यांचं अंतर. म्हणून ‘दर्शक योग्य की अयोग्य’ हा होय-नाहीचा प्रश्न नाही. दर्शक, थांबण्याची छटा आणि स्वीकारलेली चूक, ही तिन्ही मिळून एक निवड होते. उलट बाजूला अमोनियाचं उदाहरण तक्त्यालाच प्रश्न विचारतं. ०.१ मोलर अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टायट्रेशनमध्ये समतुल्य बिंदू ५.३ ला, आणि दोन थेंबांची उडी ६.५ पासून ४ पर्यंत. मिथिल रेडचा अख्खा पट्टा या उडीत बसतो. तक्त्यातलं मिथिल ऑरेंज मात्र उडी संपते तिथे बदलू लागतं. पिवळ्यातून पहिली नारिंगी छटा दिसताच थांबलं तर ते निभावतं; लाल होण्याची वाट पाहिली तर ०.१ मोलरलाही चूक होते. केल्डाल पद्धतीने दुधातलं किंवा धान्यातलं नायट्रोजन मोजताना अमोनिया बोरिक आम्लात गोळा करून टायट्रेट करतात. तिथे मिथिल रेड आणि त्याच्यासोबत ब्रोमोक्रेसॉल ग्रीन किंवा मिथिलीन ब्ल्यू अशी मिश्रणं रूढ झाली, यामागचं कारण हेच.

या हिशेबात डोळाही येतो. दोन रंगी रूपांपैकी एक दुसऱ्याच्या दहापट झालं की डोळ्याला फक्त तोच रंग दिसतो, या अंदाजावरून ‘पीकेए अधिक-उणे एक’ हा नियम निघाला. पण डोळा सगळ्या रंगांना समान न्याय देत नाही. मिथिल ऑरेंजचा पीकेए साधारण ३.४६ आणि दिसणारा पट्टा ३.१ ते ४.४, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा नाहीच. पिवळ्यात मिसळलेला थोडा लालही आपल्याला चटकन जाणवतो. फिनॉल्फ्थॅलिनचं वेगळंच आहे. त्याला एकच रंग आहे, दुसरं रूप रंगहीन. त्यामुळे गुलाबी केव्हा ‘दिसेल’ हे किती दर्शक टाकला यावर अवलंबून राहतं. ५० मिलिलिटरमध्ये दोन-तीन थेंब टाकले तर पहिली गुलाबी झाक सामू ९ च्या सुमारास दिसते. दहा-पंधरा थेंब टाकले तर ८ च्या आसपासच. दोन रंगांच्या दर्शकांत ही भानगड नसते, कारण तिथे दोन रूपांचं गुणोत्तर पाहायचं असतं. रंगहीनातून गुलाबी ओळखणं गुलाबीतून रंगहीन ओळखण्यापेक्षा सोपं, म्हणून शक्यतो अल्क ब्युरेटमध्ये ठेवतात. ज्यांना लाल-हिरवा भेद नीट दिसत नाही त्यांच्यासाठी, आणि इतरांसाठीही, मिथिल ऑरेंजमध्ये झायलीन सायनॉल मिसळलेलं द्रावण फार चांगलं. त्यात हिरव्यातून जांभळ्याकडे जाताना मधे करडी छटा येते आणि ती निसटत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न लुंगे यांच्या काळापासून तसाच आहे, आणि माझ्या मते निवडीचा खरा कस इथेच लागतो. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण हवेत राहिलं की त्यात थोडं कार्बोनेट तयार होतं. हे द्रावण मिथिल ऑरेंजसोबत वापरलं तर कार्बोनेटची पूर्ण अल्कता मोजली जाते. फिनॉल्फ्थॅलिनसोबत तेच कार्बोनेट बायकार्बोनेटपाशी थांबतं आणि अर्धंच मोजलं जातं. म्हणजे एका दर्शकाने प्रमाणित केलेलं द्रावण दुसऱ्या दर्शकाने वापरलं तर दोन्ही दर्शक ‘योग्य’ असूनही उत्तर चुकतं. फिनॉल्फ्थॅलिनची गुलाबी झाक अर्धा मिनिट टिकली की थांबायचं, हा नियमही यातूनच आला. हवेतला वायू विरघळत जातो तशी ती झाक आपोआप फिकी पडते. कधीकधी हाच दोष गुण होतो. पाण्याची अल्कता मोजताना पहिला टप्पा फिनॉल्फ्थॅलिनने सामू ८.३ पर्यंत आणि दुसरा मिथिल ऑरेंज किंवा मिश्र दर्शकाने ४.५ च्या आसपास घेतात, आणि दोन वाचनांवरून हायड्रॉक्साइड, कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे वाटे वेगळे काढतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी पुष्कळदा बायकार्बोनेटचं असतं. त्यात फिनॉल्फ्थॅलिन टाकल्यावर रंगच येत नाही, आणि रंग न येणं हेही एक वाचन असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण अल्कतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट. या आकड्यातला ‘एकूण’ हा शब्द दुसऱ्या दर्शकाने दिलेला आहे. पहिला टप्पा मात्र मुळातच ढिला असतो. कार्बोनिक आम्लाचे दोन पीकेए ६.३५ आणि १०.३३, त्यांच्यात अंतर चारच एककांचं. समतुल्य बिंदूच्या एक टक्का आधी सामू सुमारे ८.५ आणि एक टक्का नंतर ८.१. इतक्या मंद चढावर कोणताही दर्शक एक टक्क्याहून फारसं बरं उत्तर देऊ शकत नाही. बायकार्बोनेटच्या द्रावणात तेवढाच दर्शक टाकून तो रंग शेजारी ठेवावा आणि जुळेपर्यंत आम्ल घालावं, एवढाच इलाज. दुसरा टप्पा मात्र सुधारता येतो: अंतिम बिंदूच्या अलीकडे द्रावण उकळून वायू घालवला, गार केलं आणि मग उरलेले थेंब टाकले की मंद चढाचा पुन्हा कडा होतो. इथे दर्शक बदलण्याऐवजी आलेखच बदलला, आणि मला वाटतं निवडीचं सगळ्यात शहाणं रूप हेच.

बोरिक आम्लात ते आणखी स्पष्ट दिसतं. त्याचा पीकेए ९.२४. फिनॉल्फ्थॅलिन टाकलं तर टायट्रेशन अर्ध्यावरही जात नाही तोच गुलाबी रंग पसरू लागतो. तक्त्याच्या सवयीने माणूस याहून वरच्या सामूचा दर्शक शोधायला जाईल, पण समतुल्य बिंदूपाशी, ११ च्या आसपास, आलेखाला चढच नाही. कोणता दर्शक आणणार? द्रावणात मॅनिटॉल किंवा ग्लिसरॉल घातलं की बोरिक आम्लाचं त्याच्याशी संयुग बनतं आणि ते ॲसेटिक आम्लाइतकं किंवा त्याहून तीव्र वागू लागतं. मग तेच फिनॉल्फ्थॅलिन चोख काम करतं. औषधी पदार्थांतल्या कितीतरी सौम्य आम्लारी पाण्यात टायट्रेट होत नाहीत. त्या निर्जल ॲसेटिक आम्लात विरघळवून परक्लोरिक आम्लाने, क्रिस्टल व्हायोलेट दर्शक वापरून मोजतात. आम्लाचा विघटन स्थिरांक आणि संहती यांचा गुणाकार एकावर आठ शून्यं दिलेल्या संख्येने एकाला भागल्यावर येईल त्याहून कमी असेल, तर डोळ्याने टायट्रेशन करण्याचा नाद सोडावा किंवा परिस्थिती बदलावी, असा विश्लेषकांचा ढोबळ नियम आहे. ॲसेटिक आम्ल आणि अमोनिया या जोडीला समतुल्य बिंदू बरोबर ७ ला येतो, आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचा पीकेएही ७.१. कागदावर याहून सुंदर जुळणी सापडणार नाही. पण एक टक्का आधीपासून एक टक्का नंतरपर्यंत सामू फक्त ६.६५ वरून ७.३५ वर जातो. पट्टा जुळला म्हणून दर्शक योग्य ठरत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: सामू-मापक हाती असताना या जुन्या रंगांची चर्चा कशाला? मापकाने अख्खा आलेख मिळतो, माणसाच्या डोळ्याचा दोष जातो, गढूळ किंवा रंगीत नमुनाही चालतो, हे सगळं खरं. गडद तेलांचं आम्लमूल्य काढताना तर त्याचा फार उपयोग. पण मंद चढ यंत्रालाही मंदच दिसतो. उतार बदलण्याची जागा शोधताना गणिताची अनिश्चितता तेवढीच वाढते. शिवाय पुष्कळ स्वयंचलित यंत्रं एका ठरावीक सामूला थांबण्यासाठी लावलेली असतात. तसं असेल तर यंत्राने दर्शकाची जागा घेतली, निवडीचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला: कोणत्या सामूला थांबायचं? वाइनची एकूण आम्लता मोजताना काही देशांत सामू ७ ला थांबतात, अमेरिकेत ८.२ ला, यंत्र दोन्ही आकडे तितक्याच निष्ठेने देईल. दुधाचं उदाहरण याहून ठसठशीत आहे. डेअरीत फिनॉल्फ्थॅलिनच्या पहिल्या टिकाऊ गुलाबी छटेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइड घालतात आणि उत्तर लॅक्टिक आम्लाच्या टक्क्यांत लिहितात. गाईचं ताजं दूध सुमारे ०.१४ टक्के दाखवतं, पण त्यात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतं. सामू ६.६-६.८ पासून ८.३ च्या पुढे नेताना केसीन, फॉस्फेटं, सायट्रेटं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अल्क खातात. तिथे समतुल्य बिंदू असा नाहीच. दर्शकच मोजल्या जाणाऱ्या राशीची व्याख्या करतो, आणि म्हणून दुधाच्या पद्धतीत दर्शक किती मिलिलिटर टाकायचा हेही नेमून दिलेलं असतं. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू वापरलं तर चुकीचं उत्तर येईल असं म्हणता येणार नाही; वेगळ्याच राशीचं उत्तर येईल.

दुसरा आक्षेप अधिक कसदार आहे. प्रमाणीकरण आणि प्रत्यक्ष मापन एकाच दर्शकाने, एकाच छटेला थांबून केलं तर दर्शकाची चूक दोन्हीकडे सारखी येऊन कटते, मग एवढा हिशेब कशाला? तीव्र-तीव्र जोडीपुरतं हे मान्य करावं लागेल. एक कोरी चाचणी घेऊन दर्शकाने स्वतः खाल्लेले थेंब वजा करणं ही उत्तम सवय आहे. पण चूक कटण्यासाठी दोन्ही टायट्रेशनांचा चढ सारखा असावा लागतो. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित केलेल्या अल्काने मंद चढाचं सौम्य आम्ल मोजलं, तर एका बाजूची चूक थेंबाच्या अंशाची आणि दुसऱ्या बाजूची मिलिलिटरच्या अंशाची असते. ती वजाबाकीने जात नाही. शिवाय छटा ओळखण्यातली अनिश्चितता दर वेळी वेगळी पडते, ती कशानेच कटत नाही. म्हणजे हा आक्षेपही आपल्याला पुन्हा आलेखाकडेच आणून सोडतो.

या दृष्टीने एका चालू चर्चेकडे पाहायला हवं. जास्वंद, गोकर्ण, हळद यांचे अर्क कृत्रिम दर्शकांना पर्याय म्हणून सुचवणारे लेख आणि विद्यार्थी-प्रकल्प आपल्या महाविद्यालयांतून पुष्कळ होतात. हेतू चांगलाच आहे: स्वस्त, जवळ मिळणारं, विल्हेवाटीची चिंता नसलेलं. फिनॉल्फ्थॅलिनबद्दलची शंकाही निराधार नाही. एकेकाळी ते रेचक म्हणून विकलं जाई आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत कर्करोगाचा धोका दिसल्यावर अमेरिकेत ते औषधांतून बाद झालं. मात्र यांतल्या ज्या चाचण्या ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड याच जोडीवर होतात आणि ‘फिनॉल्फ्थॅलिनइतकाच अचूक’ असा निष्कर्ष काढतात, त्यांतून अर्काबद्दल फारसं काही कळत नाही. दोन थेंबांत सामू सहा एककं उडत असेल तर ४ ते १० च्या मधे कुठेही रंग बदलणारी कोणतीही वस्तू उत्तीर्ण होईल. फुलांमधल्या अँथोसायनिनांचा रंग लाल, जवळजवळ रंगहीन, जांभळा-निळा आणि शेवटी हिरवट-पिवळा अशा पायऱ्यांनी बदलतो, त्यांतले काही बदल व्हायला वेळ लागतो, आणि अर्क शिळा झाला की छटा सरकतात. हा स्वभाव सामूचा अंदाज घ्यायला छान, मंद चढावर अंतिम बिंदू पकडायला अडचणीचा. हळदीचं तसं नाही. तिच्यातलं कुर्क्युमिन पिवळ्यातून लालसर तपकिरी होतं ते ७.४ च्या पुढे, म्हणजे ॲसेटिक आम्लाच्या कड्याच्या बऱ्यापैकी आत. तेव्हा हळदीच्या अल्कोहोलमधल्या अर्काची परीक्षा व्हिनेगरवर घ्यावी, आधी ०.१ आणि मग ०.०१ मोलरला, त्याच नमुन्याच्या सामू-मापकाने काढलेल्या आलेखाशेजारी ठेवून, आणि मिलिलिटरमधली चूक छापावी. कुर्क्युमिन अल्कात लवकर विघटित होतं, म्हणून लालसर छटा किती सेकंद टिकते हेही त्यासोबत नोंदवावं लागेल.